शिक्क्याला जागा

खिडकी साडेदहाला उघडायची, पण खिडकीमागचा बाबू सव्वाअकराच्या आत तोंड उघडत नसे. गजेंद्र नारखेड्यांना हे आता पाठ झालं होतं. वैद्यकीय परिषदेच्या कचेरीतली ही त्यांची तिसरी फेरी. जूनचा पहिला आठवडा, डोक्यावर तापलेला पत्रा, आणि पत्र्याखालचा एकुलता एक पंखा बाबूकडे तोंड करून बसवलेला. रांगेतल्या लोकांच्या वाट्याला त्या पंख्याचा नुसता आवाज येत होता.

गजेंद्रांच्या मागे त्यांची लेक अनघा उभी होती, ओढणी तोंडाला गुंडाळून. सत्तावीस वर्षांची पोर. सहा वर्षं किर्गिझस्तानात बिश्केकला राहून डॉक्टरकी शिकली, परत आल्यावर दीड वर्ष इथल्या चाळणी परीक्षेनं तिला घोळवलं, आणि तिसऱ्या खेपेला ती जानेवारीत पास झाली. आता परिषदेनं कागद मंजूर केले की एका वर्षाची इंटर्नशिप, आणि मग नावाआधी डॉक्टर लावायला कुणाच्या बापाची भीती नाही. या वर्षीच्या जागांची यादी तीस जूनला बंद होणार होती. ती चुकली की थेट पुढच्या वर्षी.

बाबूनं गुणपत्रिका हातात घेतली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ये क्या है? पाँच, चार, चार, तीन, पाँच... नंबर कहाँ हैं?"

"यही नंबर हैं, सर," अनघा म्हणाली. "पाँच में से।"

"और ये? पास, पास, पास... आधा पन्ना पास।"

"वो झाचोत है, सर। उसमें नंबर नहीं देते। हुआ या नहीं हुआ, बस इतना ही।"

"मैडम, मेरे कंप्यूटर में 'हुआ' का खाना नहीं है।" बाबूनं पडद्यावर बोट आपटलं. "पूर्णांक, प्राप्तांक, प्रतिशत। बस तीन खाने हैं।"

मग त्यानं स्वतःच खटाखट आकडे टाकले. पाच म्हणजे शंभर, चार म्हणजे ऐंशी, तीन म्हणजे साठ. जिथे नुसतं पास होतं तिथे त्यानं शून्य टाकलं. यंत्रानं बेरीज केली.

"इकतालीस परसेंट।"

रांगेत कुणीतरी हसलं. गजेंद्रांची मान आपोआप खाली गेली. मानक नगरच्या रेल्वे संशोधन संस्थेत चौतीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस, केसाच्या जाडीचा फरक बोटानं ओळखणारा, आणि इथे त्याच्या लेकीच्या सहा वर्षांना एक माणूस बसल्या जागी एक्केचाळीस टक्के म्हणत होता.

"साहब, लड़की ने यहाँ का इम्तहान पास किया है," ते म्हणाले.

"वो अलग बात है, बाबूजी। आप टेबल बनाके लाइए। कौन सा विषय, कितने घंटे, किस साल, कितने में से कितना। और ग्रेडिंग का नियम, यूनिवर्सिटी के लेटरहेड पर। अगला!"

घरी येताना स्कूटरवर तोंडावर येणारी झळ इतकी होती, की बोलायचं म्हटलं तरी ओठ सुकत होते.

संध्याकाळी क्वार्टरच्या पुढच्या खोलीत गजेंद्रांनी जेवणाचं टेबल पुसलं आणि मोठा कोरा कागद पसरला. फूटपट्टी, एच-बी पेन्सिल, काळं बॉलपेन. त्यांना कंप्यूटरवर तक्ता करता येत नव्हता, म्हणून ते अनघाला म्हणाले, "तू सांग, मी आखतो. नीटनेटकं असलं की माणूस नीट वाचतो." कचेऱ्यांबद्दल बापाचा हा भाबडेपणा तिला माहीत होता.

अनघाची आई लतिकाबाई कैऱ्या किसत दारापाशी बसल्या होत्या. कान अर्थातच टेबलाकडे.

अनघानं पिशवीतून एक हिरवी, हाताएवढी वही काढली. कोपरे मऊ पडलेले, पहिल्या पानावर तिचा अठरा वर्षांचा फोटो.

"हे काय?"

"झाचोत्का। हर एग्जाम के बाद टीचर इसमें अपने हाथ से नंबर लिखता है, साइन करता है। ये खो गई तो समझो आप पढ़े ही नहीं।" या हिंदी मुलखातच वाढलेली अनघा घरातही हिंदीतच उत्तर द्यायची.

गजेंद्रांनी चष्मा लावून पानं उलटली. ओळीमागून ओळी, प्रत्येकीत वेगळी सही, वेगळी शाई. त्यांना ती वही एकदम आवडली. मशीनच्या देखभालीची नोंदवही अशीच असते, ज्यानं काम केलं त्यानंच सही करायची.

"यात दोन कुठेच दिसत नाही."

"दो मतलब फेल, बाबा। फेल इसमें लिखते ही नहीं। जगह खाली छोड़ते हैं, जब तक आप पास न हो जाओ।"

"आणि एक?"

"एक किसी को नहीं मिलता। एक बस है।"

"म्हणजे पट्टी पाच इंचांची, आणि खालचे दोन इंच घासून गेलेले," गजेंद्र म्हणाले. "मग हा तीन म्हणजे काठावर पास! आणि तो गाढव त्याला साठ टक्के देऊन बसला."

"और जहाँ सच में पास हूँ, वहाँ ज़ीरो।"

दोघंही हसले. त्या दिवसातलं ते पहिलं हसू.

मग अनघा सांगत गेली आणि गजेंद्र आखत गेले. तिथे लेखी पेपर थोडे, तोंडी जास्त. हिरव्या कापडावर पन्नास-साठ चिठ्ठ्या पालथ्या मांडलेल्या असतात, त्यांना बिलेत म्हणतात. एक उचलायची, तिच्यात तीन प्रश्न. कोपऱ्यात बसून अर्धा तास विचार करायचा आणि मग तीन मास्तरांसमोर बसून बोलायचं. कोट पांढराशुभ्र हवा, टोपी हवी, बूट बदललेले हवेत. मास्तरीण आत आली की उठून उभं राहायचं आणि तिला तिच्या बापाच्या नावासकट हाक मारायची, गुलनारा असानोव्ना.

"हा तीन कशात?" गजेंद्रांनी पहिल्या वर्षाच्या एका ओळीवर पेन्सिल ठेवली.

"एनाटॉमी। सब आता था। आवाज़ ही नहीं निकली।"

लतिकाबाईंचा किसणीवरचा हात थांबला.

"आणि ही पाठीमागची चिठोरी कसली?" गजेंद्रांनी विचारलं. वहीच्या शेवटी छोट्या छोट्या पावत्या टाचून ठेवल्या होत्या, सगळ्यांवर निळा शिक्का.

"ओत्राबोत्का। क्लास मिस हुई तो वापस चुकानी पड़ती है। डीन ऑफिस से पर्ची लो, शाम को टीचर के दरवाज़े पर खड़े रहो, वो जब बुलाए तब जाके पूरा टॉपिक मुँह से सुनाओ। तब वो काटता है। एक क्लास भी बाकी हो तो एग्जाम में बैठने नहीं देते।"

"हे बरं आहे. खाडा केला की भरून द्यायचा," गजेंद्र खूश होऊन म्हणाले आणि त्यांनी पावत्या मोजल्या. एकोणचाळीस. सगळ्या दुसऱ्या वर्षाच्या, नोव्हेंबर-डिसेंबरच्या. त्यांचा चेहरा बदलला. "इतके खाडे? काय करत होतीस तू?"

अनघा वही मागे घ्यायला लागली. त्यांनी सोडली नाही.

"जॉन्डिस हुआ था। बाईस दिन। रोज़ की दो-दो क्लास।"

"कावीळ?" लतिकाबाई किसणी तशीच टाकून उठल्या. "कावीळ झाली होती तुला? आणि फोनवर रोज 'सब ठीक है आई' म्हणत होतीस?"

"बताती तो आप लोग आ जाते। आके क्या करते? मेरे बदले टॉपिक सुनाते?"

गजेंद्रांनी पुढचे दोन दिवस कामावरून आल्यावर मुकाट्यानं तक्ता पुरा केला. चोपन्न विषय, प्रत्येकाचे तास, प्रत्येकाचं वर्ष, आणि तळाला लाल शाईत पाचाच्या पट्टीचा खुलासा.

लेटरहेडवरचं पत्र उत्कर्षानं मिळवून दिलं. उत्कर्षा अनघाच्या तुकडीची स्तारोस्ता, म्हणजे मॉनिटर. तिकडे पहिल्या दिवशी बारा-तेरा पोरांची तुकडी पाडतात आणि ती सहा वर्षं मोडत नाहीत. सगळ्यांची हजेरी, भांडणं आणि आजारपणं स्तारोस्ताच्या गळ्यात. नाशिकची ही पोर पुढच्या शिक्षणासाठी तिकडेच राहिली होती, सध्या सुट्टीवर आलेली. वीस तारखेला ती दिल्लीहून परतणार होती. जाताना ती अनघाचा मूळ डिप्लोमा नेणार, कागद अस्सल असल्याचा तिथल्या सरकारचा अपोस्टिल नावाचा शिक्का त्याच्या पाठीवर मारून घेणार आणि कुरिअरनं अठ्ठावीसपर्यंत परत पाठवणार, असं ठरलं होतं. परिषदेला तो शिक्का हवाच होता.

सोमवारी खिडकीतल्या बाबूनं तक्ता उलगडला आणि पहिल्यांदाच खुर्चीत सरळ बसला.

"ये किसने बनाया?"

"मैंने ही, साहब।"

"बहुत बढ़िया। ऐसा काम अब कौन करता है।" त्यानं शेजारच्या टेबलावरच्या बाईलाही दाखवला. "देखिए, इसको कहते हैं टेबल।"

गजेंद्रांना एवढं बरं वाटलं, की मागच्या तीन फेऱ्यांचा राग त्यांनी तिथल्या तिथे माफ करून टाकला. बाबूनं पत्र लावलं, फोटो लावले, टाचणी मारली.

"ओरिजिनल डिप्लोमा दिखाइए। अपोस्टिल हो गया?"

"बीस को जा रहा है, सर," अनघानं डिप्लोमा खिडकीतून आत सरकवला.

बाबूनं तो हातात धरून थोडा वाकवला. कडक प्लास्टिकचा आवाज झाला.

"ये तो लैमिनेट है।"

"जी," गजेंद्र पुढे होऊन म्हणाले. "मैंने ही कराया। सुरक्षित रहे इसलिए।"

"सुरक्षित तो पूरा है, बाबूजी।" बाबूच्या आवाजात आता चेष्टा नव्हती. "मुहर लगेगी कहाँ? प्लास्टिक पर? कागज़ तो आपने अंदर बंद कर दिया। पिछले महीने गोंडा से एक लड़का आया था, उसका भी यही। यहीं बैठके रोया था।"

झालं होतं ते असं. दोन वर्षांपूर्वी अनघा विमानातून उतरून घरी आली आणि चौदा तास झोपली. गजेंद्रांनी तिच्या बॅगेतून डिप्लोमाचं निळ्या पुठ्ठ्याचं पाकीट काढलं, आतला कागद हलक्या हातानं सोडवला आणि आलमबागेतल्या दुकानात नेला. घरातला प्रत्येक महत्त्वाचा कागद त्यांनी असाच प्लास्टिकमध्ये घातला होता, स्वतःच्या आयटीआयच्या प्रमाणपत्रापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत. दुकानदारानं पातळ पाऊच काढला तेव्हा त्यांनी सगळ्यात जाड मागितला, आणि मशीन नीट तापलंय ना, हे स्वतः हात लावून पाहिलं. अनघा उठली तेव्हा त्यांनी तो तिच्या हातात दिला. तिनं एक क्षण कागदाकडे पाहिलं, एक क्षण बापाच्या तोंडाकडे, आणि म्हणाली, "अच्छा है।" तिला तेव्हाच खटकलं होतं. पण बाप इतका खुलला होता, की तिच्यानं बोलवलं नाही.

कचेरीच्या आवारातल्या कडुनिंबाखाली उभी राहून तिनं बिश्केकला डीनच्या कचेरीत फोन लावला. रशियनमध्ये बोलायला लागली की तिचा आवाज निराळाच व्हायचा, खालच्या पट्टीतला आणि चटपटीत. गजेंद्रांना एक 'दा, दा' सोडून काही कळत नव्हतं. ते स्कूटरचं तापलेलं सीट रुमालानं पुसत राहिले, गरज नसताना.

"काय म्हणाले ते?"

"प्लास्टिक पर नहीं लगाएँगे। नया डिप्लोमा बनेगा, दो-ढाई महीना। मुझे खुद जाना पड़ेगा।"

"आणि तीस जून?"

"तीस जून तो तीस जून को ही आएगा, बाबा।"

तिनं त्यांना एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना घरापर्यंत वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. लग्नकार्याला कधी सलग दोन दिवसांच्या वर रजा न घेतलेल्या माणसानं सरळ शनिवारपर्यंतचा अर्ज लिहिला. व्हरांड्यात दोन विटा मांडल्या, त्यांच्यामध्ये इस्त्री उलटी बसवली, तापलेली बाजू वर. शेजारी ब्लेडं, चिमटा, ओलं फडकं आणि फीलर गेज. फटीची जाडी मोजायची पोलादी पात्यांची ही जुडी त्यांनी कित्येक वर्षं वापरली होती. तिचं सगळ्यात पातळ पातं कागदापेक्षाही पातळ असतं.

"पहिल्यांदा माझ्यावर," ते म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरून स्वतःचं आयटीआयचं प्रमाणपत्र उतरवलं. भुसावळ, एकोणीसशे शहाऐंशी.

लतिकाबाई ओरडल्या, "अहो, तेवढा एकच कागद आहे तुमच्याकडे!"

"पुढच्या जानेवारीत रिटायर होतोय. आता कोण मागतंय मला."

कडा कापायची. इस्त्रीवर कोपरा धरायचा, आठ मोजायचं, गोंद सैल पडला की पातं आत सारायचं आणि प्लास्टिक कागदावरून नव्हे, कागद प्लास्टिकवरून सोडवायचा. जास्त तापलं तर कागद पिवळा पडतो, कमी तापलं तर साल निघते. पंखा लावता येत नव्हता, कारण इस्त्री गार पडायची. बाहेर बेचाळीस अंश. घाम कपाळावरून नाकाच्या शेंड्यापर्यंत आला की अनघा टॉवेलनं टिपायची, ऑपरेशनच्या टेबलापाशी करतात तसा. पहिल्या दिवशी दोन्ही हातांच्या बोटांची टोकं भाजली. पण संध्याकाळी प्रमाणपत्र मोकळं झालं होतं. एक कोपरा सोडला तर अख्खं, शिक्क्यासकट.

"बघ," गजेंद्र म्हणाले.

बुधवारी त्यांनी रेशनकार्डाची जुनी प्रत सोडवली, गुरुवारी सोसायटीचा कसलासा दाखला. हात बसला. अनघा सुरुवातीला म्हणत होती, "बाबा, डिप्लोमा को हाथ मत लगाइए।" शुक्रवारी सकाळी ती स्वतःच तो घेऊन व्हरांड्यात आली. वीस तारीख सोमवारी होती. न सोडवलेला कागद तसाही काही कामाचा नव्हता.

"पहले पीछे की साइड," ती म्हणाली. "मुहर पीछे ही लगनी है।"

डिप्लोमाचा कागद पातळ होता, नोटेसारखा करकरीत. गजेंद्रांनी इस्त्री आणखी एक खूण खाली आणली. आठाऐवजी सहा मोजले. अनघा चिमट्यानं कोपरा धरून होती, ते पातं सरकवत होते. दोघांचे श्वास एका ठेक्यात चालले होते. लतिकाबाई पाणी घेऊन आल्या आणि तशाच परत गेल्या. दुपारी एकच्या सुमाराला मागचं प्लास्टिक एका लांब, ओढून धरलेल्या आवाजासह सुटलं. पाठ कोरी, पांढरी, कुठे ओरखडा नाही.

अनघानं लगेच फोटो काढून उत्कर्षाला पाठवला. दोन मिनिटांत उत्कर्षाचा फोन.

"अगं, भारीच की! पाठ मोकळी आहे ना, मग चालेल. मी विचारते, पण चालेल. आता हात नका लावू त्याला."

अनघानं फोन ठेवला आणि चार दिवसांत पहिल्यांदा पंखा लावला. "बस, बाबा। इतना काफ़ी है।"

पण एका बाजूला प्लास्टिक आणि एका बाजूला उघडा कागद, असं झाल्यावर तो डिप्लोमा टेबलावर ठेवताच वळायला लागला. दोन्ही कडा वर उचलल्या आणि बघता बघता त्याची नळी झाली. गजेंद्रांनी त्याच्यावर पुस्तक ठेवलं. पुस्तक काढलं की परत नळी.

"हे असं कोण घेईल? पुन्हा म्हणतील, हे काय आणलं."

"लेंगे। उत्कर्षा देख लेगी। बस।"

ती आंघोळीला गेली. गजेंद्र त्या नळीकडे बघत बसले. चौतीस वर्षांत त्यांनी अर्धवट काम मशीनवर सोडून कधी डबा उघडला नव्हता. हात आत्ताच बसलेला होता, इस्त्री अजून गरम होती, आणि पुढची बाजू ती काय वेगळी असणार होती? त्यांनी पंखा बंद केला.

नाव सुटलं, क्रमांक सुटला, छापलेली नक्षी सुटली. रेक्टरच्या, म्हणजे विद्यापीठाच्या प्रमुखाच्या, सहीपाशी आल्यावर पातं किंचित अडखळलं. त्यांनी सहा मोजले, मग आणखी दोन. प्लास्टिक वर उचललं, आणि त्याच्यासोबत गोल निळा शिक्का उचलला गेला, सहीचा शेपटीकडचा अर्धा भाग घेऊन. कागदावर फिकट, खरवडल्यासारखं वर्तुळ उरलं. शिक्का प्लास्टिकवर होता, उलटा, अगदी स्पष्ट.

त्यांनी प्लास्टिक परत खाली दाबलं. जागच्या जागी नीट बसवलं, वर फडकं ठेवून इस्त्री फिरवली. काही उपयोग नव्हता, आणि ते त्यांनाच सगळ्यात आधी कळत होतं.

अनघा ओल्या केसांनी बाहेर आली तेव्हा ते तसेच विटांपुढे उकिडवे बसले होते. तिनं बघितलं. ओरडली नाही, रडली नाही. भिंतीला टेकून खाली बसली. मग बोलली, आणि मराठीत बोलली.

"मी बस म्हटलं होतं."

"अगं, ते वळत होतं..."

"मी बस म्हटलं होतं, बाबा. दोनदा. तुम्हाला ऐकू येतं का हो? सगळ्या जगाला मी काहीतरी सिद्ध करून दाखवते. तिथे प्रत्येक खाडा भरून दिला. इथे तीनदा परीक्षेला बसले. त्या माणसाला पाच म्हणजे काय ते समजावलं. पण माझ्या घरात माझ्या कागदाबद्दल मला कुणी विचारत नाही. तेव्हाही नाही विचारलं, आजही नाही."

"मी तुझ्या भल्यासाठी..."

"माहीत आहे. म्हणून तर मला बोलता येत नाही." आणि मग मात्र तिला रडू फुटलं.

गजेंद्रांना उठता येईना. लतिकाबाई आतून आल्या, आधी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि मग नवऱ्याला हात देऊन उभं केलं.

तीस जून आला तसा गेला. संगणकावर सकाळी यादी होती, दुपारी 'बंद' अशी पाटी होती. शेजारणी विचारायच्या, "बिटिया का हो गया?" आणि लतिकाबाई सांगायच्या, "हो जाएगा, अगले साल।" गजेंद्र कामावर जायचे, यायचे. घरात कुठली वस्तू दुरुस्त करायची झाली तर आता आधी विचारायचे. अनघा त्यांच्याशी बोलायची, पण कामापुरतं: चहा घेणार का, किल्ली कुठे आहे. ते दिवस त्यांना फार जड गेले.

दुसरा डिप्लोमा मिळवायचा तर तिथली रीत अशी, की आधी तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची. ती छापून आल्यावर स्वतः जाऊन रेक्टरच्या नावे अर्ज द्यायचा, आणि अर्जासोबत हातानं लिहिलेला खुलासा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात उत्कर्षानं जाहिरातीचा फोटो पाठवला. रविवार होता, दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. अनघानं फोन टेबलावर ठेवला.

"काय लिहिलंय?" लतिकाबाईंनी विचारलं.

अनघानं बोट ठेवून एकेक शब्द हिंदीत सांगितला. "नारखेडे अनघा गजेंद्र के नाम पर जारी डिप्लोमा, नंबर इतना-इतना, खो गया है। उसे अमान्य समझा जाए।"

"हरवला कुठे?" गजेंद्र म्हणाले. "घरात आहे. मी खराब केला."

"वहाँ दूसरा शब्द नहीं चलता। खोया है तो ही नया देते हैं।"

"आणि खुलाशात काय लिहिलंस?"

"वही जो सब लिखते हैं। मेरी अपनी लापरवाही से।"

गजेंद्रांनी उठून कपाटातून कोरा कागद काढला, फूटपट्टीनं समास आखला आणि ते लिहायला बसले. अर्धा तास गेला. मग तो कागद त्यांनी अनघापुढे ठेवला. मराठीत होता, तक्त्यावरच्या त्याच ठसठशीत अक्षरात. माननीय रेक्टर महोदय, अनघा हिची पदवी तिच्या हातून नव्हे, माझ्या हातून गेली. दोन्ही वेळा. तिला विचारलं नाही, आणि ती नको म्हणाली तेव्हा ऐकलं नाही. खाली नाव, हुद्दा, संस्थेचा पत्ता.

अनघाला मराठी वाचायला वेळ लागायचा. तिनं ओठ हलवत सगळं वाचलं.

"वहाँ मराठी कौन पढ़ेगा, बाबा?"

"तू वाचलंस ना."

लतिकाबाई ताटं उचलायच्या थांबल्या होत्या.

"तारीख नहीं डाली," अनघा म्हणाली. गजेंद्रांनी तारीख टाकली. "साइन।" त्यांनी सही केली.

"अभी पूरा नहीं हुआ। वहाँ के खुलासे में आखिरी लाइन लिखनी ही पड़ती है। आगे से ऐसा नहीं होगा। उसके बिना लेते नहीं।"

गजेंद्रांनी पेन परत हातात घेतलं. बोटांवरचे भाजल्याचे डाग आता तपकिरी पडले होते. एवढा तक्ता न थांबता लिहिणाऱ्या माणसाला एक ओळ सुचेना. मग त्यांनी सहीच्या खाली, उरलेल्या जागेत हळूहळू लिहिलं: यापुढे अनघाने बस म्हटलं की मी थांबेन.

अनघानं ती ओळ वाचली. हसली नाही. कागदाची घडी न घालता तिनं तो आपल्या प्रवासाच्या फायलीत, पासपोर्टच्या मागे ठेवला.